नेटफोनवरची चुगली

सुनेची चुगली करायला निवांत वेळ लागतो, आणि तो तानुबाईला बिदरजवळच्या भालकीत इंटरनेट आल्यावर मिळाला.

त्याआधी मुलगी अंबिका तिकडे आयर्लंडात नर्स, आणि तानुबाई इकडे एसटीडी बूथच्या काचेआड. समोरच्या डब्यावर बिलाचे तांबडे आकडे पळत सुटले की म्हातारीच्या तोंडचं पाणी पळायचं. "बरी हायस?" "बरी हाय. तुमी?" "समदे बरे." खलास. घरात कुणाचा पाय मोडो की म्हैस मरो, फोनवर तीन वर्षं समदे बरेच होते.

मग दोन हजार पाच साली रामाचार्य मास्तरांच्या नीलेशनं बसस्टँडसमोर नेटकॅफे टाकला. कॉम्प्युटरला हेडफोन लावायचा, तिकडं अंबिका होस्टेलात तसाच लावून बसायची. आवाज जरा रेंगाळत यायचा, पण आकडे पळत नसत. अर्धा तास बोला, तास बोला. नीलेशला त्याचं भारी कौतुक.

"मावशी, बघत राहा. अजून दहा वर्षांत हे प्रत्येकाच्या मोबाइलात येणार. बोलणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसेल."

"तोंड कशाला बघायचंय? आवाज आला तरी लई झालं," तानुबाई म्हणायची आणि खुर्चीत फतकल मारायची.

त्या वेळी सून तुळजा आठव्या महिन्यात होती. पहिलं मूल सातव्यातच गेलं होतं, म्हणून या खेपेला सगळं घर जीव मुठीत धरून होतं. तानुबाईसुद्धा. पण जीव मुठीत असला म्हणून सासूची जीभ काही गप्प बसत नाही.

एका गुरुवारी दुपारी ती तुळजाला घेऊन कॅफेत आली. तुळजाचा नवरा लिंगाप्पा साखर कारखान्यात पाळीवर होता. डोकं दुखतंय म्हणून तुळजा बाहेरच्या बाकावर टेकली. तानुबाईनं कानाला हेडफोन लावला आणि मनातली मळमळ ओकायला सुरुवात केली.

"अंबे, तुझी भावजय लई शेफारलीय बघ. पायातली जोडवी काढून ठेवलीत तिनं! माझा लेक ठणठणीत हाय अन् ही बिनजोडव्याची हिंडायलीय. कामून काढलीस म्हणलं तर म्हणती, घट्ट व्हायलीत. चार वर्सं घातलेली जोडवी आत्ताच घट्ट होत्यात व्हय?"

पलीकडून काहीच आलं नाही. तानुबाईला वाटलं, लेकीलाही धक्का बसला असेल. मग वाटलं, यंत्रच बिघडलं. "नीलेशअण्णा, हे बंद पडलं की रे..."

"अव्वा." आईला अशी हाक मारणारा आवाज लेकीचाच होता, पण गप्पा मारणाऱ्या लेकीचा नव्हता, नर्सचा होता. "तिचं तोंड सुजलंय का?"

"सकाळी डोळे फुगल्यागत होते. म्या म्हणलं, झोप जास्ती झाली."

"डोकं दुखतंय?"

"दोन दिवस झाले. कामाची वेळ आली की दुखतंय."

"डोळ्यापुढं अंधारी येती का, इचार."

तानुबाईनं तिथूनच ओरडून विचारलं. बाकावरून तुळजा हळूच म्हणाली, "व्हय, सकाळपासनं." तानुबाईनं ते जसंच्या तसं लेकीला सांगितलं.

"अव्वा, नीट ऐक. पाय सुजलेत म्हणून जोडवी घट्ट झालीत, बीपी वाढलं असणार. आत्ताच्या आत्ता तिला बिदरला मोठ्या दवाखान्यात ने. घरी जाऊ नको, उद्या म्हणू नको. लेकरू अन् ती, दोघं हातची जातील."

म्हातारीचा चेहरा बघून नीलेशनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. दोन मिनिटांत त्यानं रस्त्यावर जीप थांबवली, कारखान्यात निरोप धाडला आणि कॅफे उघडा टाकून स्वतः ड्रायव्हरशेजारी बसला.

बिदरला त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली दणकून. डॉक्टरीणबाई तानुबाईवर कडाडल्या, "आजची रात्र घरी काढली असती, तर दोघींतली एकही राहिली नसती."

तानुबाईनं भिंतीला टेकून हात जोडले. देवीला, अंबिकेला, नीलेशला आणि त्या आवाज रेंगाळणाऱ्या यंत्राला. बूथवर असती तर "समदे बरे" म्हणून तिनं फोन ठेवून दिला असता. नीलेश भेटायला आला तेव्हा तिनं त्याचा हातच धरला.

"ते मोबाइलात कधी येणार म्हणालास? लवकर येऊ दे बाबा. खेड्यापाड्यात येऊ दे. बायाबापड्यांना पोटभर बोलू दे."

पण एक गोष्ट तिला सलत होती. बघायला येणाऱ्या प्रत्येकीला तुळजा सांगायची, "आत्याबाईंनी माझे पाय बघितले, अंबिकाअक्काला कळवलं, म्हणून आम्ही जगलो." बायका म्हणायच्या, सासू असावी तर अशी. पहिल्या दिवशी तानुबाईला ते गोड लागलं. दुसऱ्या दिवशी घास उतरेना. पाचव्या दिवशी, वॉर्डात आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ती खाटेशी बसली.

"तुळजा, म्या काळजीनं न्हाई सांगितलं गं. तुझी चुगली करायलते. मेंढरू लंगडलं तर पाय उचलून बघणारी बाई मी, तुझा पाय न्हाई बघितला. नुसती जोडवी बघितली."

तुळजा हसली. टाके ओढले म्हणून पोट धरून हसली.

"आत्याबाई, मला समदं ऐकू आलतं की. कानाला ते लावलं की तुमी किती मोठ्यानं बोलताव! बाहेरच्या चहावाल्यानं बी ऐकलं."

"मग लोकांपुढं माझं गुणगान कामून गायलीस?"

तुळजानं हसू आवरलं. मग म्हणाली, "चार दिवस माझ्या पायात जोडवी न्हवती. तुमच्या लेकाला दिसलं न्हाई. शेजारणीला दिसलं न्हाई. घरात माझ्या पायाकडं तुमचंच ध्यान होतं."

तानुबाईनं खाटेच्या पायथ्याशी सरकून सुनेचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि रडत रडत चोळायला लागली. सूज अजून पुरती उतरली नव्हती.