आधी बसा, मग विचारा

मी एक जुनं, चाकांचं, गोल फिरणारं स्टूल आहे. कॅन्सरच्या वॉर्डात माझी हयात गेली. मित्रांनो, माझ्यावर पिशव्या बसल्या, फायली बसल्या, डबे बसले. माणसं मात्र क्वचित. डॉक्टर उभ्या उभ्या विचारायचे, "दुखणं दहापैकी किती?" आकडा लिहिला की पुढची खाट. मन कसं आहे, हा प्रश्न त्या कागदावर नव्हताच.

एकदा खिडकीजवळच्या खाटेवर सलूनवाले काका आले. आजार सगळ्या पोटात पसरलेला, बरा होण्यातला नव्हे. दुखणं औषधाने आवरलं होतं, तरी काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांची मुलगी दुकान सांभाळून रोज यायची. बारा दिवस त्यांनी तिला 'हं'सुद्धा म्हटलं नाही. दिवस मोजके, आणि तेही असे मातीत चाललेले.

"या आजारात माणूस उदास होणारच," मोठे डॉक्टर म्हणाले.

"होणारच म्हणजे?" मुलगी उसळली. "उलटी होणारच म्हणून तिचं औषध थांबवता का?"

वा गं पोरी! मला टाळ्या वाजवायला हात नव्हते, एवढंच.

मग मनाच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझ्यावरची पिशवी उतरवली, मला खाटेशी ओढलं आणि चक्क बसल्या.

"मला वेड लागलेलं नाही," काका भिंतीला म्हणाले. "मरणाऱ्याने काय नाचायचं?"

"नाचू नका. मुलगी आली की बरं वाटतं?"

बराच वेळ गेला. बाई उठल्या नाहीत.

"काहीच वाटत नाही," काका हळूच म्हणाले. "ती रडली, तरी काही वाटत नाही."

"हा वेगळा आजार आहे, काका. याला औषध आहे. जादू नाही, दोन-तीन आठवडे लागतील. आणि मी येत राहीन."

बाई येत राहिल्या. गोळी चालू, बोलणं चालू. तिसऱ्या आठवड्यात मोठे डॉक्टर तपासायला वाकले, तर काका म्हणाले, "डॉक्टर, तुमचे केस उंदरांनी कुरतडले का? मागे नुसत्या पायऱ्या!" मग मुलीला, "अगं, बघत काय बसलीस? कात्री आण!"

मुलगी हसत होती की रडत होती, कोण जाणे. दुपारी व्हरांड्यात मोठे डॉक्टर माझ्यावर, गळ्यात टॉवेल. काका खुर्चीतून ओरडतायत, "कानामागे बघ! कात्री आडवी धर!" मुलगी म्हणतेय, "बाबा, गप्प बसा हो!" काका काही गप्प बसले नाहीत.

त्यानंतर पाच आठवड्यांनी काका गेले. कॅन्सर हटला नाही, पण ते पाच आठवडे बापलेक रोज कडाकडा भांडले, खदाखदा हसले.

मित्रांनो, मला रंग लावू नका, माझी पूजा नको. आजारी माणसाला 'धीर धरा' सांगून पळ काढू नका. माझ्यावरच्या पिशव्या खाली ठेवा, बसा, आणि विचारा, "मन कसं आहे?" उत्तर यायला वेळ लागेल. उठू नका.