कुठल्याही बर्फावर चालणारी जोडी

चिनात्सुनं तिसरी जोडीही भिंतीला परत टेकवली आणि हात पँटला पुसले.

"ही पण जडच," ती म्हणाली.

"उचलायला जड आहे. पायात घातल्यावर वजन कळत नाही," इसाओ म्हणाला. "स्की काय खांद्यावर मिरवायच्या असतात?"

"बाबा, आज मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाशी असं बोलतात?"

"गिऱ्हाईक चुकत असेल तर बोलतात."

ती हसली नाही. एरवी हसली असती. इसाओनं खाली बघून रॉकेलच्या शेगडीची वात उगाचच वरखाली केली. बाहेर डिसेंबरचा पहिला नीट बर्फ पडून गेला होता. समोरच्या छपरावरून तो मधूनमधून धपकन खाली कोसळत होता. लिफ्ट सुरू व्हायला अजून नऊ दिवस होते.

कुरोसु इसाओ गेली एक्केचाळीस वर्षं या गावात स्की विकत होता. दुकानात आलेला माणूस दारात बूट झटकतो कसा, यावरून तो घसरतो कसा हे ओळखण्याची त्याची ख्याती होती. एकच जोडी घेऊन सगळा हिवाळा काढू बघणाऱ्यांना तो एकच गोष्ट सांगायचा, आणि ती सांगताना जरा फुशारायचाही. आपल्या डोंगरावर सकाळी आठला बर्फ काचेसारखा असतो, अकराला खरवडलेला, दुपारी ढेकळं ढेकळं, आणि चारला भिजलेल्या पिठासारखा पायाला चिकटतो. तेव्हा जोडी निवडायची ती दिवसातला सगळ्यात वाईट तास डोळ्यासमोर ठेवून. चांगल्या तासाला काय, फळीसुद्धा चालते.

हे सगळं चिनात्सुला तोंडपाठ होतं. लहानपणी ती शेगडीजवळ बसून बापाची नक्कल करायची. आता ती एकोणतीस वर्षांची होती, आणि सहा हिवाळे तिनं डोंगरावरच्या गस्तीत काढले होते. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना घसरगाडीत बांधून खाली आणायचं, हे तिचं काम. अशी मुलगी आज दुकानातली सगळ्यात मऊ, सगळ्यात अरुंद जोडी हातात घेऊन उभी होती. ही जोडी इसाओ शहरातून वर्षातून दोनदा येणाऱ्या मावश्यांना द्यायचा.

"हिला रोलर फिरवलेल्या उताराच्या बाहेर नेलीस तर बुडशील," तो म्हणाला.

"नेणारच नाही. सुट्टीच्या दिवशी पोरांच्या उतारावर चार फेऱ्या मारेन. एरवी खिडकीत बसायचंय."

लिफ्टच्या तिकीट खिडकीवरची जागा रिकामी होती. आज पाचपर्यंत तिनं गस्तीचे प्रमुख ओगाता यांना कळवायचं होतं, गस्तीवर येणार की खिडकीवर. घड्याळात अडीच वाजले होते.

आतल्या दारातून फुसाए ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चहा, मुळ्याचं लोणचं आणि ओसरीत वाळवलेली पर्सिमनची फळं होती.

"ठरलं का गं?" तिनं लेकीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "खिडकीत हीटर असतो म्हणे. पाय गरम राहतील. शिवाय खिडकीसमोरनं अर्धं तोक्यो जातं, त्यातला एखादा तरी बरा निघेल."

"आई, तिकीट घेणाऱ्याचे फक्त हात दिसतात."

"मग हात बघ. हातावरनं कळतं सगळं. तुझ्या बाबांचे हात बघूनच तर मी फसले."

चिनात्सुच्या ओठांची कड जरा हलली. फुसाएला तेवढं पुरलं. कप उचलायच्या निमित्तानं तिनं नवऱ्याला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"अहो, तोंडाला जरा कुलूप लावा. जड आहे, हलकी आहे, काय चालवलंय? पोरगी आपणहून खाली यायचं म्हणतेय. सहा वर्षं मी प्रत्येक वादळात जेवण गिळलंय नुसतं. देवानंच केलं म्हणायचं."

"देवानं नाही," इसाओ म्हणाला.

"मग कुणी केलं?"

फुसाएनं त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि भात बघायला निघून गेली.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. वाऱ्यानं वरचा उतार खरवडून निघाला होता. घोटा मोडलेल्या एका शाळामास्तरांना घसरगाडीत घालून चिनात्सु खाली येत होती. त्या दिवशी माणसं कमी होती, मागची दोरी धरायला कुणी नव्हतं. उताराच्या मध्यावर तिची डावी स्की पायातून सुटली. ती पडली, हातातले दांडे सुटले, आणि गाडी मास्तरांना घेऊन तीस-पस्तीस मीटर खाली जाळीच्या खांबावर आदळली. घोटा मोडला होताच, आता दुसऱ्या पायाचा गुडघाही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गस्तीची माणसं घरी येऊन चिनात्सुच्या स्की तपासून गेली. बूट धरून ठेवणाऱ्या पकडीवर एक बारीक खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. वजन, उंची, वय, बुटाचा तळवा आणि घसरण्याची तऱ्हा यांवरून तक्त्यात बघून तो ठरवायचा. चिनात्सुचा आकडा सात, आणि खिडकीतही सातच. सामान ठीक होतं, तेव्हा चूक माणसाची, असं कागदावर लिहिलं गेलं. त्यानंतर ती एकदाही बर्फावर उभी राहिली नव्हती.

एकट्या इसाओलाच माहीत होतं, की आदल्या संध्याकाळपर्यंत पकडीवरच्या त्या खिडकीत साडेपाच होते.

त्यानंच पकडीचा स्क्रू ढिला केला होता, मोसमाच्या सुरुवातीला. त्याआधीच्या वर्षी तोफूवाल्याच्या मुलीची स्की वेळेवर सुटली नाही आणि तिचा गुडघा पिळवटून निघाला. आठ महिने ती पोर त्याच्या दुकानासमोरून कुबड्यांवर जायची. आपल्या पोरीची स्की पटकन सुटू दे, पडली तर पडू दे, पण गुडघा वाचू दे, एवढाच विचार करून त्यानं स्क्रू फिरवला आणि कार्डावर मात्र सात लिहिलं. ती मागे एक माणूस ओढत असते, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. चिनात्सुही दिवसभर लोकांच्या पकडी तपासायची, पण स्वतःची कधी बघायची नाही. ती बाबांनी बसवलेली होती ना.

हे झालं प्रेमापोटी. पण अपघाताच्या संध्याकाळी स्की घरी आल्यावर त्यानं स्क्रू परत सातवर नेला, तो कशापोटी, हे तो दहा महिने स्वतःला विचारत होता. उत्तर त्याला माहीत होतं. भीतीपोटी.

तो दुकानात परत आला तेव्हा चिनात्सु टेबलाशी बसून कार्ड भरत होती. नवी जोडी घेणाऱ्या प्रत्येकाला हे कार्ड भरावं लागायचं. वजन एकोणसाठ. उंची एकशे त्रेसष्ट. घसरण्याची तऱ्हा या ओळीत तीन चौकोन होते: सावकाश, मध्यम, जोरात. इतकी वर्षं तिनं तिसऱ्यावर खूण केली होती. आज पेन पहिल्यापाशी थांबलं.

"सावकाश लिही की," इसाओ म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, आणि शब्द तोंडातून जाताच त्याला स्वतःची लाज वाटली.

"सावकाश नाही हो बाबा." ती कार्डाकडेच बघत होती. "भीतभीत असा चौकोन हवा होता."

तिनं खूण केली.

"डोळे मिटले की डावा पाय आठवतो. मी काय केलं तेच आठवत नाही. भार कुठं टाकला, घोटा वळवला का, काहीच नाही. आपण चुकलो आणि काय चुकलो तेच माहीत नाही, मग पुन्हा कुणाला मागे बांधून आणायचं कसं? काल मास्तरांचं पत्र आलं. काठी घेऊन चालतात आता. लिहिलंय, तुमची चूक मी मनात ठेवलेली नाही, तुम्हीही ठेवू नका."

तिनं पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेना, तेव्हा पुन्हा लावलं.

गप्प राहिलं तर सगळं सुरळीत होणार होतं. पोरगी खिडकीत बसणार होती, पाय गरम राहणार होते, फुसाए वादळातही पोटभर जेवणार होती. आणि बोललं तर ती परत त्या खरवडलेल्या उतारावर जाणार होती, हेही इसाओला स्वच्छ दिसत होतं. त्यानं कार्ड पुढ्यात ओढलं. पहिल्या चौकोनातली खूण बारीक होती, शाळेत फळ्यासमोर चुकलेल्या पोरानं काढावी तशी.

"चूक तुझी नव्हती," तो म्हणाला.

"बाबा, नका ना. सगळे हेच म्हणतात."

"सगळे म्हणतात ते तुला बरं वाटावं म्हणून. मी सांगतोय ते तसं नाही. पकड सातवर नव्हती. साडेपाचवर होती. मी ठेवली होती."

शेगडीवरच्या किटलीचं झाकण थडथडत होतं. तिनं उठून किटली बाजूला उतरवली आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"का?"

"तोफूवाल्याची पोर बघत होतो रोज. तुझा गुडघा..."

"कार्डावर सात होतं."

"लिहिलं होतं मी."

"तपासायला आले तेव्हाही सात होतं. मी स्वतः बघितलं."

"आदल्या संध्याकाळी फिरवून ठेवलं."

आता ती वळली. इसाओला वाटलं होतं ती ओरडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. गस्तीवर असताना पडलेल्या माणसाकडे ती असंच बघत असणार, कुठं मोडलंय ते शोधत.

"मी वरच्या खोलीत रडत होते तेव्हा," ती म्हणाली.

"हो."

"आणि आई तुम्हाला जेवायला हाका मारत होती."

"हो."

मग ती भिंतीपाशी गेली. मऊ जोडी तिनं जागेवर ठेवली आणि कडेची, मघा जड म्हणून नाकारलेली जोडी ओढून काढली. मध्ये रुंद, आत धातूचा पत्रा असलेली. तिनं शेपटीचं टोक जमिनीवर टेकवलं, टोकाला धरून मध्यावर तळहात रेटला आणि स्की वाकवून पाहिली. मग कडेवरून नख फिरवलं. हे सगळं इसाओनंच तिला शिकवलं होतं.

"ढेकळांत उडवेल का ही?"

"नाही. पत्रा आहे ना, दाबून धरेल." त्यानं बोटानं कड दाखवली. "सकाळच्या काचेवर जरा जोर लावावा लागेल, पण एकदा कड बसली की सोडणार नाही. चारच्या चिखलात रुंदीमुळं तरंगेल. मागे वजन असेल तर..." तो थांबला. "मागे वजन असेल तर हीच."

"हीच द्या."

तिनं कार्ड घेतलं, पहिल्या चौकोनातली खूण खोडली आणि तिसऱ्यात केली. त्यानं घाईघाईनं टेबलावर फडकं अंथरलं, खणातून पकडी बसवायचा ड्रिल आणि भोकांचं माप काढलं आणि जोडीसाठी हात पुढं केला.

चिनात्सुनं जोडी दिली नाही.

"भोकं पाडू नका," ती म्हणाली. "अशीच नेते. पकडी डब्यातच राहू द्या."

"म्हणजे? बसवणार कुठं?"

"खिंडीपलीकडे एक दुकान आहे. तिथं."

"अगं, त्या माणसाशी तुझी ना ओळख ना पाळख."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच इसाओला सोसवेना. "खाली स्टेशनपाशी बसवून घेतली तर तासाभरात गावभर होईल, कुरोसुची मुलगी दुसरीकडे गेली म्हणून. पलीकडे कुणाला काही कळणार नाही. उद्या लोकांनी तुमच्याकडे यायला हवं ना."

एक्केचाळीस वर्षांत या दुकानातून पकडी न बसवता कोरी जोडी बाहेर गेली नव्हती. इसाओनं ड्रिल खणात ठेवला. खण अडकला, दोनदा रेटावा लागला.

"मी ओगातांच्या ऑफिसात जाऊन सांगतो," तो म्हणाला. "सगळं. मास्तरांनाही लिहितो."

"ऑफिस पाचला बंद होतं," ती म्हणाली.

"आजच जातो."

तिनं मान हलवली आणि कोट चढवला. आतून फुसाएनं विचारलं, "ठरली का गं शेवटी?" चिनात्सु म्हणाली, "ठरली आई, रुंदवाली." आत भांड्यांचा आवाज थांबला, पण फुसाए बाहेर आली नाही.

दोघं अंगणात आले. गाडीच्या छतावरचा बर्फ इसाओनं बाहीनं झाडला, जोडी वर ठेवली, दोन्ही पट्टे ओवले आणि गुडघा दाराला टेकवून सगळा जोर लावून आवळले. मग त्यानं वरून थोपटून पाहिलं. स्की तसूभरही हलल्या नाहीत.

चिनात्सु हातमोजे काढून जवळ आली. तिनं पुढचा पट्टा बोटानं ओढून पाहिला. तो घट्ट होता. तरी तिनं तो सोडला, आणि पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतला.

इसाओ दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. तिला मागचा पट्टाही बघायचा होता.