घरच्या दह्यातली कोशिंबीर

रविवारचं निवांत जेवण, म्हणून बेबीनंदाने फार घाट घातला नव्हता. वांग्याची भाजी, वरण, ज्वारीच्या भाकरी. तोंडी लावायला कोशिंबीर तेवढी करायची राहिली होती, तोच पुष्पाबाई दारात हजर.

परतूरच्या या वसाहतीत दोघींची घरं समोरासमोर. सकाळचं फिरणं सोबत, बाजार सोबत. पण पुष्पाबाईंचं जेवायला येणं आजवर टळत आलं होतं. कधी चतुर्थी आडवी यायची, कधी लेकीचा फोन. आज आल्या, याचंच बेबीनंदाला कोण अप्रूप.

"तुम्ही बसा बेबीताई, कोशिंबीर मी करते," म्हणत त्यांनी पिशवी उघडली. शेतातल्या कोवळ्या काकड्या, घरच्या दह्याचा डबा, मिठाची पुडी.

"आवं, आमच्या घरात मीठ न्हाई का?" बेबीनंदा हसली.

"सैंधव हाय. बीपीमुळं तेच खावं लागतंय."

पुष्पाबाईंनी चाकू नळाखाली धरून चांगला घासला. काकड्या बारीक कोचवल्या, पाणी पिळून टाकलं आणि दह्याच्या डब्यातच सगळं कालवलं. पाहुणपण बाजूला ठेवून बाई आपल्या स्वयंपाकघरात वावरतेय, हे पाहून बेबीनंदा सुखावली.

जेवायला बेबीनंदाचे मालक तातेराव आणि लेक पायलही बसली. बेबीनंदाने भाकरी पुढे केली, तशी पुष्पाबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

"पोट बराबर न्हाई बगा. नुसती कोशिंबीर खाते."

ती त्यांनी डब्याच्या झाकणात काढून घेतली. पाणीही पिशवीतल्या बाटलीतलं प्यायल्या.

बेबीनंदाचा घास हातातच राहिला. मीठ, दही, धुतलेला चाकू, झाकण, बाटली. तिची कानशिलं तापली. ती उठली, फळीवरचा डबा काढला आणि चमचाभर दाण्याचं कूट पुष्पाबाईंच्या झाकणात टाकलं.

"कूट राह्यलंच की."

पुष्पाबाईंचा हात थबकला. झाकण त्यांनी हळूच बाजूला सरकवलं. "झालं माझं."

"दोन घासांत?"

"पोट भरलं हो."

"पोट न्हाई भरलं. माझ्या घरचं कूट पडलं त्यात."

"अगं, काय बोलून राह्यलीस!" तातेराव कळवळले.

"तुम्ही थांबा जरा." बेबीनंदाचा आवाज चढला. "पुष्पाबाई, तुम्ही तापानं फणफणल्या होत्या, तव्हा तुमचं अंग ह्याच हातांनी पुसलं मी. तव्हा चालले हात?"

पुष्पाबाईंची नजर खाली गेली. "मी तसलं काही मानत न्हाई, बेबीताई. पण घरी सासूबाई विचारतात, कुठं काय खाल्लं म्हणून. त्यांच्याशी खोटं बोलवत न्हाई मला."

"अन् माझ्याशी बरं बोलवलं! पोट काय, बीपी काय!"

पुष्पाबाईंनी डबा तसाच पिशवीत घातला आणि निघून गेल्या.

"घरी आलेल्या माणसाला असं बोलत्यात का?" तातेराव पुटपुटले. "रोज तोंड बघायचंय एकमेकींचं."

"मंग बघीन की. मी का तोंड लपवू? तुम्ही शाळेत पोरांना समतेचे धडे देता, अन् घरात मला गप बसवता?"

पायलने आईच्या ताटात भाकरी मोडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाई रोजच्यासारख्या फाटकापाशी उभ्या होत्या.

"चला ना बेबीताई. किती राग धरायचा?"

"येते की. पण आधी आत या. चहा ठेवलाय."

पुष्पाबाईंनी वळून आपल्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. पाय काही उचलला नाही.

बेबीनंदाने फाटक लावलं आणि त्यांच्या बाजूने सरळ पुढे एकटीच फिरायला निघाली. तिची पावलं रोजच्यापेक्षा झपझप पडत होती.