ताप कधीपासून?

"ताप कधीपासून?" परिचारिकेने विचारलं आणि फॉर्मवर पेन टेकवलं.

"काल म्हणा," तिची ताई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. पण भावोजी पडले सरळमार्गी. खोकल्याची उबळ ओसरू देऊन म्हणाले, "सोमवारपासून. आज चौथा दिवस."

पेन थांबलं. इथे फ्लूवरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, आणि ताप येऊन दोन दिवस उलटलेल्या माणसाला ते द्यायचं नव्हतं. विषाणू एकदा अंगात पसरला की मग त्याचा उपयोग नाही, असं संशोधकांचं म्हणणं.

"तूच लिही ना काल," ताई म्हणाली. "सख्खी बहीण ना तू माझी? तुझा हात झिजणार आहे का?"

"ताई, नियम आहे गं."

तिने "चार दिवस" लिहिलं आणि भावोजींना साध्या वॉर्डात पाठवलं. नवव्या दिवशी ते गेले. ताईने बोलणं टाकलं. रस्त्यात समोर आली तरी मान फिरवून पलीकडे जायची.

त्यानंतर परिचारिकेने कुणालाच परत पाठवलं नाही. कुणी पाच दिवस म्हणो, कुणी आठवडा. ती पेशंटमागे उभ्या असलेल्या बायकोकडे एकदा बघायची आणि "काल" लिहून टाकायची. चाचणीतल्या दीडशे पेशंटपैकी साठेक तिच्या हातचे होते.

वर्षभराने निकाल लागला. खरं औषध घेणारे आणि तुलनेसाठी दिलेली नुसती खडूची गोळी घेणारे, दोघांत काही फरक नाही. काम बंद.

"प्रयोगशाळेत काय सुरेख चाललं होतं," खोकी बांधताना डॉक्टर म्हणाले. "माणसांवर येऊन कुठे माशी शिंकली, कळत नाही. बारा वर्षं घातली मी यात."

"सर..." ती म्हणाली.

"काय?"

"चिकटपट्टी संपत आलीय. दुसरी आणते."

रविवारी सकाळी दार वाजलं. ताई उभी होती, हातात वर्तमानपत्राची घडी.

"वाचलं मी. म्हणजे मिळालं असतं तरी हे काही वाचले नसते." तिने घडी पुढे केली. "आणि मी वर्षभर तुला शिव्याशाप देत बसले. तुझा काय दोष होता गं?"

तिने बहिणीच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसून हमसून रडायला लागली. परिचारिकेचे हात बराच वेळ तसेच लोंबत राहिले. मग एक हात उचलून तिने ताईच्या पाठीवर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "काही दम नव्हता त्या औषधात."