बिनमोसमी निंबोळ्या

निलंग्याजवळच्या त्या गावात त्या साली दोनच गोष्टी घडल्या. जिल्हा उस्मानाबादचा लातूर झाला आणि पाऊस आला नाही. पहिल्या गोष्टीचे शाळेत पेढे वाटले, दुसरीचं काय वाटणार! चारा संपला, मग गावातल्या कडुनिंबांचा पालाही ओरबाडून शेळ्यांच्या पोटात गेला.

सिद्धम्माच्या दारात एकच शेळी उरली होती आणि तिच्याच दुधावर तीन महिन्यांचा नातू तग धरून होता. सून शिवकांता बाळंतपणानंतर तापानं खंगली होती, तिचं दूध केव्हाच आटलेलं.

पौषात एकदा सिद्धम्मा सडकेनं घरी येत होती. कडेला सरकारनं मागं कधी लावलेली झाडं पानं गाळून उभी होती आणि खाली पिवळ्या फळांचा सडा पडला होता. म्हातारी हरखली. तिनं ओटी भरून फळं आणली.

शिवकांतानं ती पाहिली. "आत्या, निंबोळ्या? अन् संक्रांतीच्या आदी?"

"पाऊस आला का येळेवर? मग झाडानंच कशाला येळ पाळावी? दुस्काळात झाडं बी येडी होतेत," सासूनं ठसक्यात सांगितलं. सासूचा शब्द शेवटचा. या घरात हे नेहमीचंच होतं. उपाशी शेळीनं फळांचा फडशा पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धम्मानं धार काढली. तांब्या खाली ठेवते न ठेवते तोच शेळीचे पाय लटपटले, अंग थरथरू लागलं, तोंडाला फेस आला. जनावरांच्या दवाखान्यातला भीमाशंकर सायकल दामटत आला, तोवर सगळं आटोपलं होतं. खाली पडलेलं एक फळ त्यानं उचललं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, ह्यो बकाण हाय. कडुनिंबाच्याच खानदानातला. त्या सगळ्या खानदानाच्या अंगात कडू रसायनं असतेत. निंबातलं कडू किडीला मारतंय, शेळीला सोसतंय. ह्या फळातलं शेळीलाच मारतंय."

"आन् दूध?" सिद्धम्मानं तांब्याकडं पाहिलं.

"दुधात उतरतंय का न्हाई, मला ठाव न्हाई. माझं लेकरू असतं तर मी पाजलं नसतं."

आत बाळ भुकेनं आकांत करत होतं. सिद्धम्मानं तांब्या तोंडाजवळ नेला. "मीच पिऊन बघते."

शिवकांतानं तो तिच्या हातातून काढून घेतला. "तुमाला सोसंल, आत्या. त्याला न्हाई." आणि तिनं सगळं दूध उकिरड्यावर ओतलं. एका शब्दानंही ती सासूला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सिद्धम्माला वाटलं. स्वतःची तिला भयंकर चीड आली.

उभ्या जन्मात तिनं कुणाकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. ती दुधासाठी वाटी घेऊन शेजारच्या कमलम्माच्या दारात गेली. कमलम्माची म्हैस मागच्याच बाजारात विकली गेली होती, हे तिला माहीत होतं. पण मागायला कुठून तरी सुरुवात करायलाच हवी होती. तिनं कडी वाजवली.