चारची खूण

"सुखरूप?"

"सुखरूप."

"जेवण?"

"झालं. काका, एक सांगायचं होतं, आज त्या..."

"उद्या सांगा. डोंगरवाल्याचा फोन यायचाय अजून, लाईन मोकळी हवी. ठेवा."

हजेरीमास्तरांनी फोन ठेवला आणि वहीत नदीकाठच्या मुलीच्या नावापुढे बरोबरची खूण केली. संस्थेचे संशोधक बाहेरगावी कामाला गेले की त्यांनी रोज चार वाजता मास्तरांना फोन करायचा. मास्तरांनी दोन प्रश्न विचारून खूण करायची. फोन नाही आला, तर तासाभरात जीप धाडायची. बावीस वर्षं हे काम त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं होतं. घरी बायको म्हणायची, "मलाही फोनवर 'जेवण?' एवढंच विचारता. मी काय वहीतली आहे का?"

डोंगरवाला दरडी मोजायला गेला होता. पाच वाजले तरी त्याचा पत्ता नाही. संस्थेची एकुलती एक जीप त्यांनी तिकडे पिटाळली.

सव्वापाचला फोन वाजला. "मोबाईल बंद पडला होता हो मास्तर. टपरीवर चहा पितोय."

मास्तरांनी त्याला यथेच्छ झापलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मग त्याची खूण करायला वही ओढली आणि वरच्या ओळीवर नजर गेली.

ती सात आठवडे नदीकाठच्या गावात होती. होडी उलटून मुलं गेलेल्या आयांच्या मुलाखती घेत होती. चार म्हणजे चारला फोन, आणि दोन शब्दांत आटोपणारी. तिच्याबद्दल मास्तरांना कधी काळजीच वाटली नव्हती. आज पहिल्यांदा तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि आपण तिला गप्प केलं.

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी घरमालकीणबाईंचा नंबर फिरवला.

"बरं झालं, कुणीतरी विचारलं," बाई रडकुंडीला आल्या होत्या. "परवापासून ताट तसंच परत येतंय. मघाशी चारला फोनवर बोलली आणि आतून कडी लावून घेतली. त्या बायांचं रडणं लावलंय रेकॉर्डिंगच्या मशीनवर, तेच तेच. हाका मारते तर ओ देत नाही. सुतार बोलावलाय, पण तो अजून..."

संस्थेचे साहेब दारातच उभे होते.

"साहेब, जीप..."

"डोंगरावर पाठवलीत ना तुम्हीच? ड्रायव्हरकडे मोबाईल नाही, आणि डोंगरावरून नदीकाठी तीन तास." साहेबांनी वहीत डोकावलं. "आणि हिची तर खूण आहे. जेवणसुद्धा झालंय. मग अडचण काय?"

मास्तरांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"बाई, फोन दाराला लावा," ते म्हणाले.

पलीकडून मशीनवरची कुणी आई बारीक आवाजात रडत होती. मास्तर त्याच्यावरून ओरडले, "मी आहे हो, हजेरीचा काका. चुकलं माझं. काय सांगायचं होतं?"

रडणं चालूच. मास्तरांना बोलायची सवय नव्हती, दोन प्रश्नांपलीकडे कुणाला काही विचारलंच नव्हतं. तरी ते बोलत राहिले. डोंगरवाल्याच्या चहाबद्दल, बायकोच्या टोमण्याबद्दल, सुचेल ते.

साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'फोन मोकळा ठेवा.' अक्षर मास्तरांचंच होतं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

खट्कन मशीन थांबलं.

"काका." आवाज ओळखू येत नव्हता. "ठेवू नका."

"नाही ठेवत."

कडी अजून निघाली नव्हती. मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने वहीतली तिच्यापुढची चारची खूण खोडली.