लाल ठिपक्याची वाटी

जयराजने पिशवीतून आपलं ताट, तांब्या आणि वाटी काढून मेढ्यातल्या बहिणीच्या सोप्यात भिंतीकडेला मांडली. तिन्हींच्या काठाला लाल रंगाचा ठिपका होता, त्यानेच दिलेला. गेलं वर्षभर कोरेगावहून कुठंही निघाला की हा संसार बरोबर असायचा.

"मिलिटरीत भरती झालास का रं दादा?" राजेश्वरी म्हणाली.

तो हसला नाही. रक्तात बी आणि सी अशा दोन्ही काविळी एकदम निघाल्यापासून त्याचं हसू आटलंच होतं. सी गोळ्यांनी गेली, परवाच तसा रिपोर्ट आला. बी मात्र मुक्कामालाच होती. रोजची गोळी घेऊन तिला दाबून ठेवायचं. ताटावाटीतून यातलं काही लागत नाही, रक्ताचं तेवढं सांभाळा, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत ते त्याला पटायचं. पुढे गावात पाण्यातून पसरलेली जुनी कावीळ आठवायची आणि सगळं मुसळ केरात.

आज भाचीचं उष्टावण होतं. खिरीचं पहिलं बोट मामाचं. त्याला ते जिवापाड हवं होतं, म्हणूनच धडकी भरली होती.

"राजे, चुलत्याच्या नानासोला बलीव. त्योबी मामाच हाय की."

"पाचवा म्हैना तुज्यासाठी सोडला. आता सातव्यात नानासोचं काय काढलंस?"

"लेकरू हाय गं. काय झालं म्हंजी?"

"जल्मली त्याच दिशी बीची लस टोचलीया तिला. म्होरचं डोसबी झालं. कार्ड दावू?"

"मला समदं ठावं हाय."

"मग?"

राजेश्वरीच्या सासूबाई, राहीबाई, नातीला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्यांच्याकडे बघायचा त्याला धीर नव्हता.

राहीबाईंनी नात सुनेकडे दिली. गुडघ्यावर हात टेकत उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि ठिपक्याची वाटी उचलून पदराने पुसली. पाटाजवळच्या चांदीच्या वाटीतली खीर त्यांनी तिच्यात ओतली.

"बसा पावणं. खीर निवतीया."

जयराज पाटावर बसला. सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्याने पोरीच्या ओठाला लावली. तिने तोंड वाकडं केलं, जीभ फिरवली, आणि पुढच्या वेळी अंगठीसकट त्याचं बोटच धरून ठेवलं. त्याला रडू फुटलं. ते त्याने लपवलं नाही.

निघताना पिशवी भरायला घेतली तर वाटी सापडेना. पोर ती फरशीवर आपटत बसली होती.

"ऱ्हाऊ द्या ती," राहीबाई म्हणाल्या. "रोज लागंल तिला."

जयराजने आत जाऊन ताट आणि तांब्या मांडणीवर घरातल्या भांड्यांत लावून ठेवला, आणि रिकाम्या पिशवीची घडी करून खिशात घातली.